पाणी नळाचं, ण बाणाचा

चाळिशी उलटली की माणसानं काहीतरी सोडावं, असं म्हणतात. कोणी साखर सोडतं, कोणी तंबाखू सोडतं, कोणी मुलांकडून अपेक्षा करणं सोडतं. मी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी सोडून पाहिल्या आणि वेगवेगळ्या वेळी पुन्हा धरल्या. शेवटी विचार केला, सोडण्यात आपल्याला यश नाही. आता काहीतरी नवीन धरून पाहावं. म्हणून गेल्या वर्षी मी एक भाषा धरली.

त्याचं असं झालं, की बँकेच्या संगणकाचा पासवर्ड मी एका महिन्यात तीनदा विसरलो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, नवी भाषा शिका. डोक्याला व्यायाम होतो." मी म्हटलं, "सोपी असेल ती सांग." त्यानं माझ्या मोबाईलवर एस्पेरांतो बसवून दिली. "हिला सोळाच नियम आहेत आणि एकालाही अपवाद नाही," असंही वर सांगितलं. अपवाद नसलेला नियम! बी. कॉम. होऊन बँकेत वीसेक वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, याची कल्पना करा. आमच्याकडे आधी अपवाद येतो आणि त्याच्या सोयीनं मागाहून परिपत्रक येतं.

घरात पहिला प्रश्न सौ.नं विचारला, "ही भाषा कुठल्या देशात बोलतात?"

"कुठल्याच नाही," मी म्हणालो.

"बरं झालं. म्हणजे तिकडे जायचा खर्च वाचला."

ऑफिसात मात्र एवढ्यावर निभावलं नाही. ही भाषा एका माणसानं घरी बसून तयार केली, असं मी डबा खाताना सहज बोलून गेलो. आमचे हेड कॅशियर घास तोंडाशी थांबवून म्हणाले, "म्हणजे बनावट?" बँकेत 'बनावट' हा शब्द जपून उच्चारावा लागतो. तो कानावर पडताच हेड कॅशियरांचा हात आपोआप जांभळ्या दिव्याकडे जातो. त्या दिवसापासून मी शाखेत संशयित आहे.

पण खरी ठिणगी पडली ती गुरुजींमुळे. गुरुजी आमचे पेन्शनवाले खातेदार. चाळीस वर्षं त्यांनी मराठी शिकवलं आणि आता ते काउंटरवर रांगेत उभे राहून उरलेल्या समाजाला शिकवतात. हेड कॅशियरांनी त्यांच्या कानावर घातलं. गुरुजींनी पासबुक मिटलं, चष्मा काढला आणि रांगेतल्या अकरा माणसांसमक्ष मला ऐकवलं, "अहो, भाषा काय कारखान्यात होते? भाषा जन्मावी लागते. आणि उच्चार? उच्चार म्हणजे संस्कार! तुमच्या या भाषेत बाणातला ण तरी आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग झालं तर!" असं म्हणून गुरुजी विजयी मुद्रेनं निघून गेले. रांगही माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी पाहू लागली. गुरुजींना मी तिथेच उत्तर दिलं नाही, कारण तिथे गुरुजी होते. ते उत्तर आता देतो.

आधी आरोपीची ओळख करून देतो. या भाषेचा कर्ता डॉ. झामेनहॉफ. जन्म १८५९ सालचा, बियालिस्टॉक गावचा. आज हे गाव पोलंडमध्ये आहे, तेव्हा ते रशियाच्या साम्राज्यात होतं. गावात ज्यू यिडिश बोलत, पोल पोलिश बोलत, सरकार रशियन बोलत असे, काही जण जर्मन बोलत, आणि सगळे मिळून एकमेकांशी बोलत नसत. हा मुलगा त्या भांडणात वाढला आणि पुढे डोळ्यांचा डॉक्टर झाला. लोकांच्या डोळ्यांत एकमेकांचं काय खुपतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊकच होतं. त्यानं १८८७ साली वॉर्सात एक लहानसं पुस्तक छापलं. त्यावर स्वतःचं नाव न घालता 'डॉक्टर एस्पेरांतो' असं टोपणनाव घातलं. एस्पेरांतो म्हणजे आशा धरून बसलेला. आमच्या कर्ज विभागात अशी पुष्कळ माणसं बाकावर बसलेली असतात, पण त्यांच्या नावानं भाषा निघत नाही.

आता या भाषेची बाराखडी. एकूण अक्षरं २८. एका अक्षराला एकच आवाज आणि एका आवाजाला एकच अक्षर. लिहिलं ते सगळं उच्चारायचं, मुकं अक्षर एकही नाही. स्वर पाच : आ, ए, इ, ओ, उ. त्यांत पुन्हा ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. ज्यानं शाळेत निम्म्या छड्या पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीपायी खाल्ल्या, त्याला हे वाचून गहिवरून येईल. मला आलं. आपला 'अ' मात्र या भाषेत नाही. 'कर', 'बस', 'गप' यांतला तो तोंड अर्धवट उघडून काम भागवणारा, सरकारी नोकरीला अगदी योग्य असा स्वर तिथे मिळत नाही. जे काय म्हणायचं ते 'आ' वासून म्हणावं लागतं.

व्यंजनं २३. त्यांत ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, भ ही आपली मंडळी नाहीत. ण नाही, ळ नाही. म्हणजे 'भांडण' हा शब्द एस्पेरांतोच्या अक्षरांत धड उतरतच नाही. त्यातला भ नाही, ण नाही. भांडणच उच्चारता येणार नाही अशी भाषा मराठी माणसाला कितपत रुचेल, हा प्रश्न आहेच.

पण काही बाबतींत ही भाषा जणू आपल्यासाठीच केली आहे. तिचा एक आवाज साहेबाला फार जड जातो. त्याच्या शब्दांच्या सुरुवातीला तो येतच नाही. त्याला तो 'त' आणि 'स' एकत्र बांधून शिकवावा लागतो. तो आवाज म्हणजे आपल्या चहातला च! चहा, चोर, चूक, चव यांतला. साहेब जिथे महिनाभर अडतो, तो आवाज आपण सकाळी उठल्या उठल्या बशीत ओतून पितो. पहिल्या धड्यात मोबाईलनं मला या उच्चारासाठी शाबासकी दिली. नोकरी लागल्यापासून मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

त्रास झालाच नाही असं नाही. एक आवाज आहे खाकरल्यासारखा, 'ख' आणि 'ह' यांच्या मधला, थेट घशातून काढायचा. मी त्याचा सराव सुरू केल्यावर सौ.नं दोन दिवस आल्याचा काढा दिला. हा आवाज खुद्द एस्पेरांतोवाल्यांनाही जड झाला असावा, कारण पुष्कळ शब्दांतून त्याला हळूच निवृत्त करून त्याच्या जागी 'क' बसवण्यात आला. 'जाणणे' या क्रियापदाची सुरुवात तर 'स्त्स' अशी आहे. 'मला माहीत आहे' एवढं म्हणायचं तर जिभेला आधी गाठ मारावी लागते. मला वाटतं ही योजना मुद्दाम केलेली असावी. मराठीत ती आणली, तर चाळीत, कट्ट्यावर आणि दूरदर्शनवर केवढी शांतता नांदेल!

आघात नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर. 'एस्पेरांतो'मध्ये तो 'रां'वर पडतो. आमच्यावर तो वर्षअखेरीच्या शेवटून दुसऱ्या दिवशी पडतो, त्यामुळे हा नियम मला पाठ करावा लागला नाही.

आता गुरुजींचा पहिला मुद्दा : भाषा बनवता येत नाही, जन्मावी लागते.

मी बँकेत नोकरीला आहे. रोज लाखो रुपये माझ्या हातातून जातात (पुढे जातात, राहत नाहीत). मी गुरुजींना विचारतो, नोट तरी कुठं झाडाला लागते? तीही छापलेलीच असते. ती समोरच्यानं घेतली की खरी झाली. भाषेचंही तेच. ज्यांच्या आईबापांची गाठ या भाषेतून पडली, अशा काही घरांत मुलं एस्पेरांतो ऐकत जन्माला आली आहेत. त्यांना ती कोणी शिकवली नाही. त्यांनी तीत रडून घेतलं. आणखी काय जन्मायचं राहिलं?

आणि आपण काय कमी बनवलं आहे? गुरुजींनी पासबुकावरचा 'बँक' हा शब्द पाहावा. त्यातला 'ॲ' आपल्या पणजोबांच्या मुळाक्षरांत नव्हता. साहेबाचा शब्द आला, त्याला बसायला जागा नव्हती, म्हणून आपण डोक्यावर चंद्र काढून नवा स्वर उभा केला. झामेनहॉफनं अख्ख्या भाषेला सोळा नियम केले. आपल्याकडे मराठी साहित्य महामंडळानं केलेले नुसत्या लेखनाचे नियम सरकारनं १९६२ साली मान्य केले ते १४, आणि १९७२ साली त्यांत भर पडली आणखी ४ नियमांची. एकूण अठरा! आणि हे सारं शब्द बरोबर लिहिण्यापुरतं, बोलण्याचं अजून नावच नाही. तेव्हा बनवण्याच्या बाबतीत आपण त्या डॉक्टरच्या दोन पावलं पुढेच आहोत. फरक एवढाच, की त्यानं बनवलेल्या वस्तूवर तारीख घातली. आपण बनवलं आणि वर 'अनादी' असा शिक्का मारला.

दुसरा मुद्दा : त्या भाषेत आपले आवाज नाहीत. हा आरोप मला मान्य आहे. गुरुजी, तुम्ही म्हणता त्याहून जास्त मान्य आहे. ही भाषा सगळ्या जगाची म्हणवते, पण तिचं तोंड बियालिस्टॉकचं आहे. तिचे श, च, ज आणि तो खाकरणारा आवाज पोलिश माणसाला ओळखीचे वाटतात. शेवटून दुसऱ्या अक्षरावरचा आघातही पोलिशमध्ये आहेच. झामेनहॉफ आमच्या जुन्नरला जन्मता, तर तिच्यात ळ असता आणि पोल लोक जीभ वळवून रडत बसले असते.

सगळ्यांना समान सोपं करू गेलेल्यांची काय गत झाली, तेही सांगतो. एस्पेरांतोच्या आठ वर्षं आधी, १८७९ साली, जर्मनीतल्या श्लायर नावाच्या पाद्र्यानं 'व्होलाप्यूक' नावाची भाषा काढायला घेतली. चिनी माणसाला, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना 'र' जड जातो, म्हणून त्यानं 'र'ला जवळजवळ हद्दपार केलं. त्या भाषेत गुलाबाला 'लोल' म्हणतात. इंग्रजी शब्दांचे नाक-कान कापून त्यानं 'व्होल' म्हणजे जग आणि 'प्यूक' म्हणजे बोली असं नाव जुळवलं. पण त्या 'प्यूक'मधला स्वर ठेवला असा, की ओठांचा चंबू करायचा आणि आतून 'ई' म्हणायची. चिनी म्हाताऱ्याची सोय झाली, बाकीचं जग शिट्टी वाजवत बसलं. अलीकडे २००१ साली कॅनडातल्या एका बाईंनी 'तोकी पोना' नावाची भाषा काढली. तिच्यात नऊ व्यंजनं आणि पाच स्वर, संपला संसार. र नाही, ग नाही, ब नाही. गरिबीतही कोणी इतक्या काटकसरीनं राहत नाही.

आणि गुरुजी, आपले आवाज ज्या भाषेत अगदी मानानं बसवले आहेत, तीही सांगतो. 'स्टार ट्रेक'च्या १९८४ सालच्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं 'क्लिंगॉन' नावाची भाषा तयार केली. क्लिंगॉन म्हणजे परग्रहावरची भांडखोर जमात. त्यांची भाषा पृथ्वीवरची वाटू नये, म्हणून ओक्रँडनं कानाला विचित्र लागतील असे आवाज मुद्दाम निवडून एकत्र केले. त्यांत कोण आहे? जीभ वर वळवून टाळूला लावायचा ड! आपल्या डब्यातला, डोळ्यातला, वडापावातला ड! आणि त्याच्या शेजारी, जीभ त्याच जागी नेऊन म्हणायचा ष, अगदी पोटफोड्या ष! इथे महाराष्ट्रात ष आणि श यांतला फरक कानांनी कधीच सोडून दिला. तो फक्त शुद्धलेखनाच्या वहीत उरला आहे. गुरुजींचा ष आज सुखरूप आहे तो परग्रहावर.

यातून मी काय शिकलो? आवाज स्वतः चांगला नसतो, वाईट नसतो, शुद्ध नसतो आणि परग्रहावरचाही नसतो. ऐकणारा कोण आहे, त्यावर ते ठरतं.

एस्पेरांतोत एक शहाणपण आहे. तिथे 'त'ची एकच जागा आहे. तुम्ही तिथे दातांना जीभ लावून 'त' म्हणा, किंवा साहेबासारखा 'ट'कडे झुकणारा म्हणा, शब्द बदलत नाही आणि कोणी हसत नाही. दहाला 'देक' म्हणतात. तुम्ही 'डेक' म्हणालात तरी दहाच मिळतील, नऊ नाही. 'र' हा ज्याच्या घशातून जसा येईल तसा चालतो. जपायचं एवढंच, की ज्या दोन आवाजांच्या अदलाबदलीनं अर्थ बदलतो, ते दोन वेगळे ठेवायचे. बाकी जिभेला मोकळीक.

हे मी गुरुजींना नंतर एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तेच मी म्हणतो! मन आणि मण! ण गेला तर दोन्ही एक होतील, अर्थाचा अनर्थ होईल!"

गुरुजी, मण चाळीस शेरांचा असतो, मनाचं वजन अजून कोणी केलेलं नाही. मार्केट यार्डात आजवर कोणी मणभर ज्वारी मागितली आणि त्याला मनभर दिली, असं झालेलं नाही. लोक वाक्य ऐकतात, अक्षर नाही. आणि नुसत्या उच्चारावरच जायचं, तर हे घ्या : '४' या आकड्याला आपण 'चार' म्हणतो, आणि 'गाईला गवत चार' यातही 'चार' आहे. लिहायला तंतोतंत एक, म्हणायला दोन वेगळे च. हे 'जग' आणि 'तू सुखानं जग', यांतले दोन ज वेगळे. 'माझा' म्हणताना झ एक आणि 'माझी' म्हणताना झ दुसरा. गुरुजी, म्हणून पाहा. जिभेचा शेंडा कुठं टेकतो ते पाहा. तुम्ही चाळीस वर्षं दिवसातून शंभर वेळा ही कसरत केलीत आणि एकाही इयत्तेत ती शिकवली नाहीत, कारण शिकवायची गरजच नव्हती. आपल्या लिपीत त्याला अक्षर नाही, शुद्धलेखनात त्याला गुण नाहीत, म्हणून तो फरक असूनही कोणी त्यावरून कोणाला हसत नाही. हसायला आधी फळ्यावर अक्षर लागतं.

गुरुजींनी काउंटरवरच दोनदा 'माझा, माझी' असं पुटपुटून पाहिलं. मागचा माणूस म्हणाला, "आजोबा, कोणाचं काय ते घरी ठरवा, पुढं सरका."

आता तिसरा मुद्दा. उच्चार म्हणजे संस्कार. इथे मात्र मला विनोद सुचत नाही, म्हणून घडलं ते सांगतो.

मी मूळचा जुन्नरकडच्या खेड्यातला. आमच्या गावात ण नव्हता. म्हणजे पाटीवर होता, तोंडात नव्हता. आम्ही पानी पीत होतो, लोनी खात होतो आणि आमचं सगळं व्यवस्थित चाललं होतं. पाचवीला मामाकडे शहरात आलो. पहिल्याच आठवड्यात बाईंनी धडा वाचायला उभं केलं. दुसऱ्या ओळीत पाणी आलं आणि मी ते पानी म्हणून वाचलं. वर्ग फुटला. बाई म्हणाल्या, "नळातला न नाही, बाणातला ण!" मला ते कळेना. पाणी तर नळातच येतं, बाणातून कुठं येतं? मी हे बोलूनही दाखवलं. वर्ग पुन्हा फुटला. त्या वर्षी माझं नाव 'पानी' पडलं, आणि मी वर्षभर वर्गात हात वर केला नाही. उत्तरं येत होती. पण उत्तरात कुठं ण निघेल याचा भरवसा नव्हता.

मग मामाच्या मोरीत दार लावून मी ण शिकलो. बाण, बाण, बाण. इतका पक्का शिकलो, की नको तिथेही येऊ लागला. नोकरीच्या मुलाखतीत मी साहेबांना सांगितलं, "मला कामाचा अणुभव नाही, पण मणापासून करीन." साहेबांना त्यातलं मन मोठं वाटलं असावं. नोकरी लागली आणि देवानं मला नेमकं कॅशला बसवलं. तुम्ही कधी मोजलं नसेल, मी मोजलं आहे : एक ते शंभरात सतरा आकड्यांत ण येतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ आणि एक्याण्णवपासून नव्याण्णवपर्यंत नऊ. नोटा मोजताना लोकांना हिशेब चुकण्याची भीती वाटते. मला एक्याण्णवची वाटायची. एस्पेरांतोत एक ते दहा, शंभर आणि हजार एवढे बारा शब्द जुळवले, की दहा लाखाला एक कमीपर्यंत कुठलाही आकडा म्हणता येतो. त्या बारांत घाबरण्यासारखं काही नाही. हे मला तिशीत कळतं, तर पोट जरा बरं राहिलं असतं.

आता शेवटची गोष्ट सांगतो. ही सांगताना मला बरं वाटत नाही.

मागे एका शाखेत असताना काउंटरवर एक म्हातारी आली. अर्ज भरायचा होता. माझ्या शेजारच्या नव्या पोरानं विचारलं, "गाव?" ती म्हणाली, "लोनी." तो म्हणाला, "लोनी की लोणी, आजी? न नळाचा की ण बाणाचा?" म्हातारी गोंधळून म्हणाली, "लोनीच की वो, लोनी." त्यानं तिच्या सुरात पुन्हा एकदा 'लोनी' म्हणून दाखवलं. आजूबाजूचे हसले.

मीही हसलो. पाचवीत वर्ग हसला तेव्हा मला काय झालं होतं ते ठाऊक असून हसलो. मोरीत घोकून मिळवलेला ण होता ना माझ्याकडे! आता मी बाणाच्या बाजूला होतो.

पुढच्या महिन्यात म्हातारी आली ती नातवाला घेऊन. सगळं नातू बोलला. ती बाजूला उभी राहिली, तोंडाला पदर लावून.

गंमत पुढेच आहे. त्या पोरानं अर्ज भरून गाव संगणकात घातलं ते इंग्रजीत. इंग्रजीत 'एन' एकच. लोणी असो, लोनी असो, संगणकाला एकच कळतं. आमच्या संगणकानं त्या एका 'एन'मध्ये सगळ्या खातेदारांचा ण गिळून टाकला आहे. चव्हाणांचा खाल्ला, राणेंचा खाल्ला, पुण्याचा खाल्ला, ठाण्याचा खाल्ला. त्याला कोणी 'नळाचा की बाणाचा' विचारलं नाही. मोठ्यानं ण खाल्ला की ती सिस्टीम होते, म्हातारीनं खाल्ला की तो अशुद्ध उच्चार होतो.

गुरुजी, माझं म्हणणं एवढंच आहे. वऱ्हाडात डोळ्याला डोया म्हणतात, त्या डोयाला कमी दिसतं असं नाही. तुमचा ण सुंदर आहे, तो तुम्ही जरूर म्हणा; मीही म्हणतो. पुस्तकाला, परीक्षेला, परिपत्रकाला एक ठरलेली भाषा लागते, हे मी बँकेतला माणूस असून नाकारीन कसा? पण ती ठरलेली आहे हे लक्षात ठेवा. कोणीतरी, कधीतरी, आपल्या सोयीनं, आपल्या तोंडाला बेतून ठरवलेली आहे. ज्याच्या तोंडाला ती बेतली त्याला ती जन्मजात वाटते आणि इतरांना ती मोरीत दार लावून शिकावी लागते. एस्पेरांतोला तुम्ही बनावट म्हणता. पण ती बोलायला जमलेल्या माणसांत निदान सगळेच शिकाऊ असतात. कोणाच्या घरचा उच्चार कोणाच्या डोक्यावर बसत नाही.

त्या डॉक्टरला तेवढंच हवं होतं. त्याची आशा काही फळाला आली नाही. तो १९१७ साली गेला. त्याची धाकटी मुलगी लिडिया देशोदेशी हिंडून ही भाषा शिकवत असे. १९४२ साली नाझींनी तिला ट्रेब्लिंकाच्या छावणीत मारलं. तिचा भाऊ आणि बहीणही नाझींच्याच हातून गेली. बियालिस्टॉकच्या गल्लीत जे एकमेकांचे उच्चार ऐकून थुंकण्यापासून सुरू होतं, ते कुठवर जातं हे त्या घराला कळलं. आपल्याकडे ते हसण्यावरच थांबतं. पण पदर तोंडाला लागतोच.

दिवाळीत गावी गेलो होतो. पहाटे पडवीत बसून मोबाईलवर धडा करीत होतो. त्या दिवशी नेमका पाण्याचा शब्द आला. एस्पेरांतोत पाण्याला 'आक्वो' म्हणतात. मी थबकलोच. त्यात नळातला न नाही, बाणातला ण नाही. भांडणाचं मूळच काढून टाकलेलं! मी आनंदानं दहा वेळा मोठ्यानं म्हटलं, "आक्वो, आक्वो..."

आई आतून आली. "काय रं, सकाळी सकाळी काय वरडतुयास?"

"नवी भाषा शिकतोय गं. आक्वो."

"आक्वो म्हंजी?"

"पानी," मी म्हणालो. तोंडातून तसंच निघालं.

"मग पानीच म्हन की. आक्वो म्हनलं म्हून नळाला जास्ती येनार हाय व्हय? ऊठ, हंडा लाव."

मी उठलो. नळाला पानी आलं होतं.